यात चूक शोधा

मनवर सर एक्स-रे हातात घेतला की आधी त्यावर अंगठा फिरवायचे आणि मग डोळा लावायचे. कॉलेजात आम्हाला वाटायचं, सर धूळ पुसतात. धूळ कसली! दाताचा जुन्या पद्धतीचा एक्स-रे म्हणजे पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी काळी फिल्म. तिच्या एका कोपऱ्यात मोहरीहून बारीक फुगीर टिपका असतो. टिपका आपल्याकडे फुगलेला असला तर फिल्म सुलट, नाहीतर उलट. उलट धरली की डावीकडचा दात उजवीकडचा वाटतो. एक्स-रे शिकवायला घेतात त्याच दिवशी हे सांगतात आणि परीक्षा झाली की सगळे विसरतात. सर विसरले नव्हते. डोळ्यावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून अंगठा.

तसा त्यांचा भरवसा कशावरच नव्हता. दुधवाल्यासमोरच नखावर दुधाचा थेंब ठेवून तो कसा ओघळतो ते पाहत. एसटी स्टँडवरचं घड्याळ हातातल्या घड्याळाशी ताडून पाहत, मग हातातल्या घड्याळाचीच शंका येऊन कंडक्टरला वेळ विचारत. लग्नपत्रिका आली की त्या तारखेला खरंच तो वार येतो का, हे आधी कॅलेंडरात बघायचं. एकदा चूक निघालीच. वार छापला होता शुक्रवार आणि तारीख शनिवारची. माणसाने फोन करून विचारावं की नाही? छे! फोनवर कोणीही काहीही सांगते, असं म्हणून सर दोन्ही दिवस जाऊन आले. शुक्रवारी मांडव घालणाऱ्यांबरोबर चहा पिऊन परतले आणि शनिवारी अक्षता टाकल्या.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या एकदा मला म्हणाल्या, "माह्यावर कधी शंका नाही घेतली वं त्याईनं. पण माह्या भाजीतल्या मिठावर रोज घेतली."

सर मूळचे फुलसावंगीचे. आजोबांच्या पिढीत घराने धम्म स्वीकारलेला. आईबापांनी रोजमजुरी करून एका पोराला दाताचा डॉक्टर केलं, आणि तो पोरगा पुढे आमच्या कॉलेजात रूट कॅनलचा विभागप्रमुख झाला. रूट कॅनल म्हणजे दाताच्या मुळात सडलेली नस काढायची, ती नळी बारीक सुयांनी घासून साफ करायची आणि टोकापर्यंत मसाल्याने भरून टाकायची. बाहेरून काही दिसत नाही. वर टोपी बसवली की आतलं काम सोन्याचं आहे की मातीचं, हे पेशंटला जन्मात कळत नाही. कळतं ते फक्त एक्स-रेमध्ये, तेही बघणाऱ्याला.

शनिवारी दुपारी सर आमची आठवड्याची सगळी कामं तपासायचे. प्रत्येक फिल्म एका छोट्या कागदी पाकिटात असायची. पाकिटावर पेशंटचं नाव आणि काम करणाऱ्याचं नाव. त्या नावांवर सर आधी काळी चिकटपट्टी लावायचे, मग पाकिटं पत्त्यांसारखी पिसायचे आणि एकेक फिल्म उजेडाच्या पेटीवर ठेवायचे. प्रश्न तीनच. लांबी? मसाला मुळाच्या टोकाच्या जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर अलीकडे थांबला पाहिजे. पलीकडे गेला तर हाडाला टोचतो, फार अलीकडे थांबला तर उरलेल्या जागेत घाण राहते. भरीव आहे का? मध्ये काळे ठिपके म्हणजे पोकळी. उतार? नळी वरून रुंद आणि खाली निमुळती झाली पाहिजे. मग पाकिटावर निकाल: 'चालेल', 'शंका' किंवा 'पुन्हा'. आमच्या अख्ख्या बॅचमध्ये 'चालेल' कुणाला मिळालं नाही. 'शंका' मिळाली की आम्ही पार्टी करायचो.

एका शनिवारी एक फिल्म पेटीवर आली आणि सरांनी ती फार वेळ पाहिली. "दोन ठिकाणी पोकळी. लांबी कमी. निष्काळजी काम. पुन्हा," म्हणाले आणि पट्टी सोलली. नाव त्यांचंच. आम्ही मेलो! हसावं की खाली बघावं कळेना. सर मात्र शांतपणे म्हणाले, "पेशंटला सोमवारी बोलवा." तेव्हा आम्हाला कळलं की ते आपली स्वतःची कामंसुद्धा आमच्या पाकिटांत मिसळत होते.

आणि शेवटी, दर टर्मला एकदा, ते खिशातून एक जुनी पिवळट फिल्म काढायचे. खालच्या दाढेची. काय काम होतं महाराजा! लांबी केसाएवढीही चुकलेली नाही, आत एक पोकळी नाही, उतार असा की चित्र काढावं. पाकिटावर काळी पट्टी. सर म्हणायचे, "यात चूक शोधा."

आम्ही भिंग घेऊन शोधायचो. मूळ मोजायचो, मसाला मोजायचो. शेवटी कोणीतरी म्हणायचं, "सर, नाही सापडत. यात चूक नाहीच."

"शोधा. आहे."

ती पट्टी त्यांनी आमच्यासमोर कधी सोलली नाही. पोरांनी अंदाज बांधले. कोणी म्हणे हे त्यांच्या गुरूचं काम, कोणी म्हणे परदेशातल्या पुस्तकातलं. माझा अंदाज वेगळा होता. मला वाटायचं, चूकबिक काही नाही, म्हातारा आम्हाला उगीच पिळतो.

पुढे मी महागावला, माझ्या माहेरच्या गावी, दवाखाना टाकला. माझे बाबा तहसील कचेरीतून रिटायर झालेले. दुपारी ते दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसत. दवाखाना जरा चालायला लागला होता, आणि एका मंगळवारी दारात मनवर सर उभे. कॉलेजातला टाय गेला होता, पांढरा सदरा आणि खांद्याला कापडी पिशवी. रिटायर होऊन आमच्याच तालुक्यातल्या फुलसावंगीला परतले होते. मी वाकून नमस्कार केला. सर आत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "काय वं पोरी, या हप्त्यातल्या फिल्मा दाखव."

ना 'कशी आहेस', ना 'बरं चाललंय का'. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी काय आता विद्यार्थिनी होते? तरी काढून दिल्या. त्यांनी पिशवीतून काळी चिकटपट्टी काढली.

तेव्हापासून दर मंगळवारी. सकाळच्या एसटीने यायचे, दुपारच्या एसटीने जायचे. चहा प्यायचे नाहीत, पाणीही स्वतःच्या बाटलीतलं. मला राग यायचा, आमच्या पाण्यावरही शंका! एकदा मी फटकन बोलून गेले, "सर, फिल्टरचं पाणी आहे, विषबिष नाही त्यात." ते हसले. म्हणाले, "पोरी, लहानपणी महागावात पाणी मागितलं की लोकं वरून ओतत. तवापासून बाटली. पाण्यावर शंका नाही वं माही." त्या दिवशी बाबा पेपरच्या आडून बाहेर आले नाहीत. पुढच्या मंगळवारी मात्र त्यांनी स्वतः काचेचा ग्लास भरून आणला आणि सरांच्या हातात दिला. सर क्षणभर ग्लासाकडे पाहत राहिले आणि मग प्यायले. बाटली तरी सोडली नाही.

आणखी एक गंमत. कॉलेजात सर शुद्ध, पुस्तकी मराठी बोलायचे. रिटायर झाल्यावर ती भाषा त्यांनी टायसोबत पेटीत ठेवली होती. पण राग आला की पेटी उघडायची. सर प्रमाण मराठीत बोलायला लागले की समजायचं, आता आपली खैर नाही.

खरं सांगते, मला त्यांचा संशयच यायचा. हा माणूस फुकट येतो, फुकट तपासतो, कायले? जवळच्याच ढाणकीच्या एका डॉक्टरचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, ते मनवर सर तुमच्याकडं येऊन राह्यले म्हणे? माह्याकडंही आलते. मी दारातूनच वापस पाठोले. तक्रारीसाठी पुरावे जमा करून राह्यले ते, सांभाळा." बाबा म्हणाले, "कचेरीत इतकी वर्षं काढली मी. कोणी फुकट काही करत नसते." मी सरांवर नजर ठेवायला लागले. ते फिल्मचा फोटो काढतात का? पिशवीत काही टाकतात का? एकदा ते हात धुवायला गेले तर मी चक्क त्यांची पिशवी उघडून पाहिली. आत भिंग, चिकटपट्टी, पाण्याची बाटली, पेरूच्या दोन फोडी आणि ती जुनी पिवळी फिल्म. परत आल्यावर त्यांनी पिशवीचा बंद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "पेरू खाजो त्यातला," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग बेबीताईंचं प्रकरण झालं.

बेबीताई राठोड फुलसावंगीच्या अंगणवाडीत मदतनीस. बोलक्या, हसऱ्या, बोलता बोलता बंजारा बोलीत 'याडी!' म्हणजे 'आई गं!' म्हणणाऱ्या, माझ्यावर फार जीव. त्यांच्या खालच्या दाढेचं काम करताना माझ्या हातात सुई तुटली. दाताची सुई, केसासारखी बारीक, नळीत फिरवताना मोडली आणि टोक आतच अडकलं. असं होतं, मोठ्यामोठ्यांच्या हातून होतं. काढायचा प्रयत्न केला, निघेना. मग मी त्या तुकड्याच्या वरूनच मसाला भरला, टोपी बसवली आणि हसून म्हटलं, "एक नंबर झालं बेबीताई. आता चणेफुटाणे खा."

सुई तुटणं ही चूक नव्हती. न सांगणं ही होती. हे मला त्याच मिनिटाला माहीत होतं. पण नवीन दवाखाना, लहान गाव, लोक बोलू लागले तर कोणाकोणाच्या तोंडाला हात लावणार? दुखत तर नाही ना, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. आणि ती फिल्म मंगळवारच्या गठ्ठ्यातून काढून ड्रॉवरमध्ये, कापसाच्या गुंडाळीखाली सारली.

पुढच्या मंगळवारी सर आले. फिल्म तपासल्या. दोन 'शंका', एक 'पुन्हा'. पिशवी खांद्याला लावली आणि दारात थांबून म्हणाले, "बेबी राठोड यांची फिल्म कुठे आहे?"

शुद्ध मराठी.

"कोण बेबी, सर?"

"अंगणवाडीत काम करतात. काल रस्त्यात मला थांबवून त्यांनी तोंड उघडून दाखवलं. तुझी फार स्तुती केली. टोपी बसवून पाच दिवस झाले म्हणाल्या. गठ्ठ्यात त्यांची फिल्म नाही."

"खराब झाली सर. धुताना."

सर परत आत आले, पेशंटच्या खुर्चीवर बसले. मी उभीच. बाहेर बाबांच्या पेपरची पानं वाजत होती. मग सरांनी पिशवीतून ती पिवळी फिल्म काढली आणि माझ्यासमोर धरली.

"यात चूक शोध."

"सर, आता नको ना."

"शोध."

मी अंगठा फिरवला, खिडकीशी धरली. तीच सुंदर दाढ. "नाही सापडत सर. कधीच सापडली नाही."

तेव्हा त्यांनी पाकिटावरची काळी पट्टी सोलली. इतकी वर्षं चिकटलेली, कडेचा कागद घेऊनच निघाली. खाली निळ्या शाईत, तरुण हाताच्या अक्षरात लिहिलं होतं: 'आई. उजवी दाढ.'

"माह्या मायची डावी दाढ दुखत होती," सर म्हणाले. आवाज एकदम फुलसावंगीचा झाला. "मी नवाच डॉक्टर. घाईत फिल्म उलटी धरली. टिपका नाही पाह्यला. उजवी दाढ सडली म्हणून उजवी उघडली. माय म्हणे, 'बापू, दुखते तर इकडं.' मी म्हटलं, 'तुले समजत नाही, तिकडचं दुखणं इकडं येते, फोटोत दिसून राह्यलं.' असं होत नसते, पोरी. डावीकडचं दुखणं उजवीकडं जात नसते. मले माहीत होतं ते, शिकलो होतो मी. पण फोटोत दिसत होतं ना! मायनं आपल्या दुखण्यावर विश्वास नाही ठेवला, माह्यावर ठेवला. मुकाट्यानं आ केला."

मी खाली स्टुलावर बसले.

"अन् काम? तू पाह्यलंच. असं काम मी पुन्हा जन्मात केलं नाही. लांबी बरोबर, भरीव, उतार बरोबर. चांगल्या दाढेत केलं. चार दिवसांनी माय म्हणे अजून दुखते. तवा टिपका पाह्यला. मंग डावीचं केलं अन् सांगितलं, तुह्या दोन्ही दाढा सडल्या होत्या. तिनं अख्ख्या फुलसावंगीत सांगितलं, माह्या पोरानं माह्ये दोन दात वाचोले. पाण्याच्या रांगेत आ करून दाखवे. मी म्हणो, उद्या सांगतो, दिवाळीले सांगतो. माय गेली. सांगाचं राहूनच गेलं."

सरांनी फिल्म पाकिटात घातली. "ज्याचा आपल्यावर विश्वास नसते, तो चार ठिकाणी दाखवते, भांडते, वाचते. ज्याचा असते, तो आ करते. त्याच्यासाठी कोणीतरी शंका घ्याले पाहिजे का नाही? म्हून येतो मी. आता सांग, बेबीची फिल्म कुठी आहे?"

मी ड्रॉवर उघडला. कापूस बाजूला केला आणि दिली. सरांनी अंगठा फिरवला, उजेडात धरली. सुईचा तुकडा मसाल्याहून लख्ख पांढरा दिसत होता, लपवायला जागाच नव्हती. पाकिटावर त्यांनी काहीच लिहिलं नाही. फक्त म्हणाले, "दुपारच्या गाडीत मी जागा धरतो तुह्यासाठी."

मी गेले. त्या बसमध्ये मला जे वाटत होतं ते कुणाला वाटू नये. आता हिने आरडाओरडा केला तर? दवाखाना बंद. बाबा काय म्हणतील? सर शेजारी बसून पेरू खात होते.

अंगणवाडीत पोरांची खिचडी चालू होती. बेबीताईंनी हात पुसले, आम्हाला बसायला पोरांच्या चटया दिल्या. मी सांगितलं. सुई तुटली, टोक दाढेत राहिलं, मी सांगितलं नाही. आज त्रास नाही, उद्या होऊ शकतो, झाला तर मोठ्या डॉक्टरकडे मी स्वतः घेऊन जाईन.

"याडी! सुई? माह्या दातात?" त्यांनी गालावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "मंग तुमी 'एक नंबर झालं' काहून म्हणल्या?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडू फुटलं. पोरं खिचडी खायची थांबली. सरांनी मला गप्प केलं नाही की बेबीताईंना समजावलं नाही. ते दाराबाहेर उन्हात जाऊन उभे राहिले.

शेवटी बेबीताई म्हणाल्या, "आल्या ते बरं केलं. पण तो फोटो मले द्या. माह्या दाताचा हाय, माह्याजवळ राहीन." मी दिला. त्यांनी तो आधार कार्डाच्या पाकिटात घातला.

पंधरा दिवस माझ्या दवाखान्यात माशी फिरकली नाही. फुलसावंगीत बोलवा उठली, ती बाई तोंडात सुया सोडते. बाबा पेपर उलटा धरून बसायचे. आणि मग एके दिवशी फुलसावंगीचे चार लोक आले, वर्षभरापूर्वी माझ्याकडून दात भरून घेतलेले. मला वाटलं, संपलं. पुढे होता तो म्हातारा म्हणाला, "डॉक्टर बाई, बेबीचा फोटो देला तसा आमचाही द्या. अन् काय चुकलं ते सांगा." मी दिले. एकाचं काम खरंच कमी होतं, ते पुन्हा केलं. मग ढाणकीकडून लोक येऊ लागले, दुसऱ्यांनी केलेली कामं घेऊन. आजही बेबीताई सहा महिन्यांनी जुन्या फिल्मवरच नवीन फोटो काढायला येतात. आधी अंगठ्याने टिपका चाचपतात आणि मगच पाकिटात घालतात. सरांना केवढा आनंद! "आता लागली गावाले शंका," म्हणायचे आणि हात चोळायचे.

शेवटचा मंगळवार सांगते. सरांची स्वतःची दाढ दुखत होती, डावी, खालची. म्हणाले, "तूच कर." ज्या माणसाने आयुष्यात मला 'चालेल' दिलं नाही, त्याच्या तोंडात हात घालायचा! माझ्याकडे तोवर कॉम्प्युटरवर दिसणारा नवा एक्स-रे आला होता, पण सरांना तो नको होता. "त्यात टिपका नसते. बटन दाबलं की डावीचं उजवं होते," म्हणाले. जुनी फिल्मच लावली. दाढ बधिर केली, सुया फिरवल्या, मसाला भरला, शेवटची फिल्म धुवायला टाकली. सर उठले, घड्याळ पाहिलं, पिशवी घेतली.

"सर, फिल्म? दोन मिनिटं थांबा, दाखवते."

"बस चालली माही. तू पाय." अर्धं तोंड बधिर, शब्द घरंगळत होते. आणि निघालेसुद्धा.

मी दारात उभी राहून पाहतच राहिले. दुधाच्या थेंबावर शंका घेणारा माणूस स्वतःच्या दाढेची फिल्म न बघता निघाला! माझ्यावर विश्वास ठेवला म्हणायचं. आणि लगेच आठवलं. विश्वास ठेवणारा आ करतो, हे त्यांनीच सांगितलं होतं. मी धावत आत गेले, ओली फिल्म उचलली, अंगठा फिरवला, खिडकीशी धरली. मागच्या मुळात मसाला टोकाच्या बराच अलीकडे थांबला होता.

एप्रनवरच पळाले. एसटी स्टँड समोरच. फुलसावंगीची गाडी सुरू झालेली, सर खिडकीशी बसलेले. मी भर स्टँडवर ओरडले, "सर, उतरा! कमी आहे!"

कंडक्टर म्हणाला, "काय कमी हाय बाई?" सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. बघू दे, मेले.

सरांनी खिडकीतून विचारलं, "किती?"

"दोन मिलिमीटर!"

"नीट पाय."

मी फिल्म उन्हात धरली. "अडीच!"

सर उठले, माणसांमधून वाट काढत खाली उतरले. गाडी गेली. आम्ही दोघं रस्ता ओलांडून परत निघालो. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उजवा ओठ वर गेला होता, डावा बधिर, तसाच लोंबत होता. ते हसत होते की औषधाने तोंड वाकडं झालं होतं, मला कळलं नाही. त्यांनी खरंच माझ्यावर विश्वास टाकला होता, की ही शेवटची परीक्षा होती, हेही नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

ते मूळ उघडून पुन्हा भरलं. नवी फिल्म पाकिटासकट त्यांच्या हातात दिली. सरांनी अंगठा फिरवला, उजेडात धरली, पेन काढलं आणि परत खिशाला लावलं. "पुढच्या मंगळवारी सांगतो," म्हणाले आणि पाकीट खिशात घालून संध्याकाळच्या गाडीने गेले.

पुढचा मंगळवार आला नाही. रविवारी सकाळी छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मी फुलसावंगीला गेले तेव्हा बेबीताई काकूंजवळ बसल्या होत्या. काकूंनी सरांच्या सदऱ्याच्या खिशातून त्यांच्या दाढेच्या फिल्मचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "तुह्यासाठीच ठेवलं असन वं त्याईनं. पाय."

त्यावर सरांचं नाव होतं तिथे काळी पट्टी होती, माझं नाव होतं तिथेही काळी पट्टी. निकालाच्या जागी काही लिहिलेलं नव्हतं.

दर मंगळवारी ती फिल्म काढते. आधी अंगठा, मग डोळा. लांबी बरोबर वाटते, भरीव वाटते, उतारही बरोबर वाटतो. चूक दिसत नाही. शोधते आहे.